टेकडीवरून घरंगळलेला गुंडप्पा

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा. वाटून वाटून मधोमध बारीक झालोय. सोलापूरच्या एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. होटगीच्या नागव्वांनी लेकीला, काशम्माला, लग्नात पाट्यासोबत मला दिलं. पुढे तिच्या नवऱ्याला मुंबईच्या गोदीत काम लागलं, तसा मीही आगगाडीत बसलो.

समुद्राकाठच्या टेकडीवर आमची खोली होती. तिथे एकाचं अंगण म्हणजे खालच्याचं छप्पर. डब्यातलं मीठ कायम ओलं. आम्ही शेंगांची चटणी वाटली की वास खाली कोळीवाड्यात जाई, आणि तिथला सुकटीचा वास वर येई. पायऱ्या चढून दमलेल्याला कुठल्याही दारात पाणी मिळे. मला ती वस्ती फार आवडली.

१९७२ साली काशम्माला मुलगी झाली. आमच्यात बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात निजवतात. त्याला कुंची घालतात, गुंडप्पा म्हणतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं, म्हणून. बारशाच्या सकाळी काशम्माने मला न्हाऊ घातलं आणि उंबऱ्याबाहेर वाळत ठेवलं. सपाट मुलखातली ती, उतार तिच्या ध्यानातच आला नाही. मी निघालो तो टणटण पायऱ्या उतरत थेट कोळीवाड्यातल्या धाकलीबाईंच्या मासळीच्या पाटीत.

मला धुऊन, पदरात गुंडाळून धाकलीबाई वर आल्या. "काशे, तुजा पावना आमच्याकडं जेवाला आलता."

बारशाला आलेल्या नागव्वांचा चेहरा उतरला. आमच्या घरात मासळीला कधी कुणी शिवलेलं नव्हतं. "मासळीतला दगूड पाळण्यात? न्हाय जमायचं."

"अव्वा, बाया जमल्यात की. आता दुसरा कुटनं आणू?" काशम्मा रडकुंडीला आली. मला वाटलं, माझी जागा आता दाराबाहेर.

"मावशी," धाकलीबाई म्हणाल्या, "त्याच पाटीत माजी चारी पोरं निजली."

नागव्वा त्यांच्या ओल्या पदराकडे बघत राहिल्या. "चारी धड हायती?"

"धड? एक तर लई दांडगा."

नागव्वांना हसू आलं. "मग निजवा की ह्याला. तुमीच निजवा."

धाकलीबाईंनी मला पाळण्यात निजवलं. दुसऱ्या दिवशी मोडक्या होडीच्या लाकडाची एक ढलपी आणून माझ्याखाली टेकण म्हणून सारली.

आता आम्ही परत सोलापुरात आहोत. घरात मिक्सर आलाय, मी कोपऱ्यात असतो. तक्रार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू कोपऱ्यात ठेवा, पण टेकण देऊन ठेवा. एवढीच विनंती.

बारशाची ती मुलगी, चन्नम्मा, केर काढला की ती ढलपी पुन्हा माझ्याखाली सारते. काशम्मा हसते, "अगं, हितं कुटं उतार हाय?"

"आपल्याला ठावं हाय," चन्नी म्हणते. "त्याला टेकडीची सवय हाय की."