घरच्यासारखं

विश्वास हा प्रत्येक व्यवसायाचा पाया असतो. 'सुगंधा होमस्टे'चा पाया चिऱ्याचा होता, आणि त्यावर दोन खोल्या, दोन कमोड आणि एक गिझर बसवल्यावर विश्वासाला जागा उरली नव्हती. म्हणून तो वेबसाइटवर टाकायचं ठरलं.

होमस्टे भाईंचा, नाव बायकोचं. ओरोसच्या जिल्हा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी होतं नव्हतं ते या खोल्यांत घातलं होतं. दिवाळी उलटली तरी तिथे भाईंखेरीज कोणी झोपलं नव्हतं. तेही गादी तपासायला.

वेबसाइट पुतणी रश्मी करत होती. "काका, उघडल्याबरोबर माणसाक वाटूक होया, ह्यांनी आपल्याक ये म्हटलां."

भाईंनी मजकूर लिहून आणला. 'सर्व पर्यटकांस कळविण्यात येते की, त्यांचे स्वागत करण्यात येत आहे.'

"ही नोटीस झाली, काका."

"मगे काय लिवू?"

सुगंधाकाकी बांगडे कापत होत्या. "लिवा, घरच्यासारख्या ठेवतलंव. आनी काय!"

रश्मीने तेच सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत टाकलं. खाली विश्वासार्हतेसाठी भाईंचा टाय लावलेला फोटो. त्यात भाई येणाऱ्याकडे प्रलंबित प्रकरणाकडे बघावं तसे बघत होते. त्याखाली भाईंचं स्वतःचं वाक्य: 'स्वीकारलेले बुकिंग रद्द केले जात नाही.' आयुष्यभर लोकांचे अर्ज फेटाळल्यामुळे या वाक्याचं वजन त्यांना ठाऊक होतं.

"पहिलो अभिप्राय वायट इलो, तर वेबसाइट नसलेली बरी," रश्मीने बजावलं.

पुण्याच्या विनीत आणि अस्मिता या जोडप्याचं बुकिंग आलं. त्याच आठवड्यात देवळात कौल झाला आणि गावपळण ठरली.

गावपळण म्हणजे देवाच्या हुकमाने सगळ्या गावाने तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं, म्हशी, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी. त्या काळात गावात कोण राहतं याबद्दल मतभेद आहेत. माणूस राहत नाही, याबद्दल नाहीत.

तारखा नेमक्या त्याच होत्या.

"फोन करून सांगा, काका. फुडल्या आठवड्यात येवा म्हणान."

"रद्द करूचा नाय. लिवलेला आसा."

"मगे ठेवतलास खंय?"

"घरचे खंय रवतले? थंयच."

पुण्याची गाडी वेशीवर थांबली तेव्हा भाई ओळख पटावी म्हणून टाय लावून उभे होते. मागे झावळ्यांची खोप होती, आत चटई होती. गिझर वेशीपलीकडे होता.

"बाथरूम अटॅच्ड आहे ना?" अस्मिताने विचारलं.

"ओढ्याला अटॅच्ड आहे," भाई म्हणाले.

सकाळी काकींनी विनीतच्या अंगावरची चादर ओढली. "रे विनीता, उठ! ऊन वर इला. कळशी घे आनी पाणी हाड."

"मी? अहो, आम्ही गेस्ट आहोत."

"गेस्ट खंयचो? घरच्यासारख्या होया म्हणान इलंस ना? आमचो झील असतो तर एवढ्यात पाठीत धपाटो पडलो असतो." मग अस्मिताकडे वळून, "गो, तू खोबरा किस. किसताना खाव नको!"

विनीतने पाणी आणलं. दुपारी काकींची कोंबडी वेशीपलीकडे गेली. पलीकडे पाऊल टाकायचं नसल्यामुळे त्याने अलीकडून तिची तासभर मनधरणी केली. रात्री कालवणात मीठ कमी आहे म्हणाला, तर उत्तर आलं, "मीठ थंय आसा. हात आसत ना तुका?"

भाई रोज संध्याकाळी खोपीच्या दाराशी येत. "काही तक्रार?"

"घरच्यांका कोण तक्रार विचारता?" काकी म्हणत, आणि भाई मागे फिरत. पहिला अभिप्राय कसा येणार, या काळजीने त्यांना जेवण जात नव्हतं.

तीन रात्रींनी देवाने परतायचा कौल दिला. गाव ढोल वाजवत घरी निघालं आणि विनीत-अस्मिता पुण्याला. खोल्या त्यांनी पाहिल्याच नाहीत.

अभिप्राय आला. पाच तारे. 'वेबसाइटवर लिहिलंय तेच मिळतं. तीन दिवस आमच्याशी कोणी एकदाही नीट बोललं नाही. अगदी घरच्यासारखं.' सोबत खोपीचा फोटो, त्यात म्हैस, शेजारी आणि ओरडणाऱ्या काकी.

भाईंचा फोन वाजायचा थांबेना. प्रत्येकाचे प्रश्न दोनच. खोप मिळेल का? काकी ओरडतील ना? ओरडायला काकींची तयारी होती. भाई सगळ्यांना कमोड आणि गिझर यांची माहिती द्यायचे. त्यावर पलीकडचा फोन ठेवायचा.

"घरामागच्या परड्यात एक खोप घाला," रश्मी म्हणाली.

"झावळ्यो हाडीन गो. सगळो गाव खंयसून हाडू?"

पुढची गावपळण तीन-चार वर्षांनी आहे. तीही देवाने कौल दिला तर.