झाकणाखालची कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. कीर्तनात बुवांच्या मागे बसून सूर धरायचा, एवढंच माझं काम. आता माझ्या तीन पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, भात्याला एक ठिगळ आहे. पण आवाज विचाराल तर मोकळा आहे. मधली सात वर्षं मात्र तो मोकळा नव्हता. त्या सात वर्षांत माझ्या पोटात एक कादंबरी अडकली होती.

माझं अंग सागाचं, सूर गुजरातेतून आलेले, जोडणी नागपूरच्या एका कारागिराची. केळझरजवळच्या एका गावात, मारुतीच्या देवळात मला आणलं. पहिल्याच सप्ताहात मी टाळ-मृदंगाच्या सोबतीनं वाजले आणि मला पटलं, देवानं आपल्याला योग्य घरी दिलं. बुवांनी तान घ्यावी, मी तिच्या मागे पळत जावं आणि दोघांनी मिळून समेवर टेकावं, याहून मोठं सुख मला अजून माहीत नाही.

मला वाजवायचे प्रभाकरराव. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. हात गोड, माणूस त्याहून गोड. पण १९९२ सालच्या रामनवमीला, ऐन पाळण्याच्या वेळी, त्यांच्या मनात आलं की आपण एक कादंबरी लिहावी. घरी जाऊन त्यांनी पत्नीला, कौशल्याबाईंना, सांगितलं की दिवाळीपर्यंत पुरी करतो. कोणती दिवाळी, ते सांगितलं नाही.

अडचण अशी होती की दुकानात वही उघडून बसलं की त्यांना काहीही सुचत नसे. सुचायचं ते कीर्तनात. बुवा निरूपणात रंगले की मला घटकाभर विश्रांती असते. तेवढ्यात प्रभाकरराव कानावरची पेन्सिल काढायचे आणि हाताला लागेल त्या कागदावर दोन ओळी खरडायचे. एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेचा कोपरा, उदबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा, काहीही चालायचं. आधी ते या चिठ्ठ्या सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. कौशल्याबाईंनी धुण्यात दोन वेळा त्यांची पेज करून वाळत घातली. मग त्यांना माझं झाकण दिसलं. ते झाकण हळूच दोन बोटं वर उचलायचे आणि चिठ्ठी आत सरकवायचे. कीर्तन संपलं की काढू म्हणायचे. पण कीर्तन संपलं की आरती, आरती झाली की प्रसाद, प्रसाद झाला की गप्पा. काढायचं राहून जायचं.

सुरुवातीला मला अभिमान वाटे. गावातल्या दुसऱ्या कोणत्या पेटीत विचार ठेवले जात होते? माझ्या पट्ट्यांवर पडून राहिलेल्या चिठ्ठ्या मी आवडीनं वाचत असे. एकीवर लिहिलं होतं, ‘बोर धरणाचं पाणी ओसरलं की जुनी वाट दिसते. तिच्यावरून कोण येईल? पुढे पाहू.’ दुसरीवर, ‘नायिका दारात उभी. पुढे पाहू.’ तिसरीवरही नायिका दारातच होती, फक्त लुगडं हिरवं झालं होतं.

पण मित्रांनो, विचार कितीही थोर असला तरी तो कागदावरच लिहिलेला असतो, आणि कागद सरकतो. हळूहळू चिठ्ठ्या माझ्या झडपांखाली शिरल्या. कुठे पट्टी दाबली तर नुसता फुसका वारा यायचा. कुठे बोट उचललं तरी सूर थांबायचा नाही.

आणि एके वर्षी सप्ताहात माझी पुरती अब्रू गेली. हिंगणीचे चंद्रभानबुवा उभे होते. काय गळा दिला होता देवानं त्यांना! आख्यानात आई लेकराचा निरोप घेत होती. बुवा थांबले. सारं देऊळ गप्प झालं, बायांनी डोळ्यांना पदर लावले. आणि त्या शांततेत मी एकटीच म्हणाले, “पींऽऽ.”

डोळ्यांवरचे पदर तोंडावर गेले. बुवांनी वळून पाहिलं. प्रभाकररावांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी काही मीच कादंबरी लिहायला घेतली होती.

“सर्दी झाली असन पेटीले,” ते पुटपुटले.

दुसऱ्याच दिवशी देवळाच्या पंचांनी ठरवलं की ही पेटी मोडीत काढायची आणि नवी, विजेवर वाजणारी आणायची. प्रभाकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. मोडीत मी एकटी जाणार नव्हते, त्यांची सात वर्षंही जाणार होती. आणि सात वर्षं पेटीचा गळा आपणच दाबला, हे सांगायची त्यांना सोय नव्हती. एकदा वर्ध्याला दाखवून आणतो, म्हणून त्यांनी मला मांडीवर घेऊन एसटी गाठली. चंद्रभानबुवाही हट्टानं सोबत आले. इतकी वर्षं साथ केलेल्या पेटीला झालं तरी काय, हे त्यांना बघायचंच होतं.

वर्ध्याचे रामाजी पेटी दुरुस्त करणारे. भीमजयंतीला स्वतः पेटीवर बसायचे, त्यामुळे सुराचं दुखणं त्यांना कळे. त्यांनी माझे स्क्रू काढले आणि झाकण उचललं. मग एकेक चिठ्ठी चिमट्यानं बाहेर येऊ लागली. सतरंजीवर ढीग झाला. चारशे बारा. माझ्या भात्यात वारा असा भरला, जसा काही सात वर्षांचा उपास सुटला.

प्रभाकररावांनी मान खाली घालून कबूल केलं की आपण कादंबरीसाठी साहित्य जमवत होतो. रामाजींनी पाच-पन्नास चिठ्ठ्या वाचल्या.

“भाऊ,” ते शांतपणे म्हणाले, “याच्यात सारेच दारात उभे आहे. आत कोनी येऊनच नाई राह्यलं.”

बुवा इतके हसले की त्यांचं उपरणं गळून पडलं. मग त्यांनी प्रभाकररावांच्या खांद्यावर हात ठेवला.

“प्रभाकरराव, मले एक अभंग दोन तास पुरते. तुम्हाले चारशे बारा चिठ्ठ्या नाई पुरल्या? मी काय करतो पाहा. एकच ओळ धरतो आन तिले इचारतो, काऊन? ते जे उत्तर देते, त्यालेही इचारतो, काऊन? मंग ते बोलाले लागते. तुम्ही कोनालेच काही इचारलं नाई. नुसतं बसवून ठेवलं पेटीत.”

आता कोणती ओळ धरायची, यावर प्रभाकरराव पुन्हा ‘पुढे पाहू’ म्हणणार, इतक्यात रामाजींनी एक चिठ्ठी वर धरली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘म्हातारा गिरडला नवस फेडायला निघतो. पण नवस काय होता, तेच विसरतो.’

“काय होता हो नवस?” रामाजींनी विचारलं.

“मालूम नाई.”

“मंग तेच लिहा. मलेही मालूम होईन.”

मी दुरुस्त होऊन परतले तोवर देवळात नवी पेटी आलेली होती. पंचांनी मला प्रभाकररावांच्या हवाली केलं आणि मी त्यांच्या घरी, दुकानामागच्या खोलीत आले. कीर्तन सुटलं याचं दुःख झालं, खोटं कशाला सांगू. एकादशीला देवळातून टाळांचा आवाज आला की माझा भाता आपोआप फुगायचा.

पण त्या खोलीत मी एक वेगळंच कीर्तन पाहिलं. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की प्रभाकरराव वही उघडायचे. समासात ‘काऊन?’ लिहायचे आणि त्याचं उत्तर शोधायचे. म्हातारा एकटाच का निघाला? वाटेत केळझरच्या गणपतीला तो का थांबला? अडलं की मला जवळ ओढून चार सूर काढायचे. लिहून झालेलं कौशल्याबाईंना वाचून दाखवायचे. त्या समोर बसून देवासाठी वाती वळायच्या. वाती भरभर वळू लागल्या की समजायचं, कंटाळा आला. तेवढं पान फाडायचं. हात थांबला की ते पान राहायचं. मजा म्हणजे जुन्या चिठ्ठ्याही एकेक करून कथेत येऊ लागल्या. दारातली नायिका म्हाताऱ्याची बायको निघाली आणि सात वर्षांनी एकदाची आत आली.

असं करत २००३ साल उजाडलं. शेवटचा अध्याय उरला आणि गाडी रुतली. म्हातारा गिरडच्या दर्ग्याच्या पायऱ्या चढून वर पोचला, पण नवस काही त्याला आठवेना. सहा महिने तो तिथंच उभा. मला पुन्हा धास्ती वाटू लागली. प्रभाकररावांची नजर माझ्या झाकणाकडे जाऊ लागली होती.

एका संध्याकाळी कौशल्याबाई वात वळता वळता थांबल्या.

“त्याले आठवन कसा? नवस त्यानं केलाच नोता. त्याच्या बायकोनं केलता.”

प्रभाकररावांनी वहीतून मान वर केली. “काय मांगितलं तिनं?”

“का ह्या मानसाच्या हातून एक तरी काम पुरं होऊ दे.”

“वा!” प्रभाकरराव म्हणाले आणि लिहायला लागले. चार दिवसांत अध्याय पुरा झाला. शेवटची ओळ लिहून त्यांनी वही मिटली आणि पाहतात तर कौशल्याबाई नवं लुगडं नेसून उभ्या. हातात पिशवी, पिशवीत चादर आणि साखर.

“चाला, गिरडले जाऊन येऊ.”

“काऊन?”

“काऊन म्हनजे? नवस फेडाले.”

“कोनाचा नवस?”

कौशल्याबाई चपला घालून दारात जाऊन उभ्या राहिल्या. प्रभाकरराव त्यांच्याकडे बघतच राहिले. कानावर पेन्सिल होती, पण त्यांचा हात तिकडे गेला नाही. मग त्यांनी टोपी घातली आणि मागे निघाले.

मित्रांनो, ती कादंबरी छापून आली नाही. ती वहीतच आहे, पण पुरी आहे. चंद्रभानबुवांनी ती सलग ऐकली आणि शेवटाला उपरण्यानं डोळे पुसले. तेव्हा मी अगदी गप्प होते.

तुम्हाला काही चांगलं सुचलं तर लिहून ठेवा. मात्र लिहून कोंडून ठेवू नका. रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा, त्याची विचारपूस करा. आणि कुणाकडे जुनी पेटी असेल तर तिचं झाकण धूळ पुसण्यापुरतंच उघडा.

गिरडहून परतले त्या संध्याकाळी प्रभाकररावांनी प्रसादाच्या पुडीचा कागद सरळ केला आणि त्यावर दोन ओळी खरडल्या. मग सवयीनं त्यांची दोन बोटं माझ्या झाकणाकडे आली. माझा भाता आखडला.

कौशल्याबाईंनी नुसतं वर पाहिलं.

प्रभाकररावांनी बोटं मागे घेतली, नवी वही काढली आणि पहिल्या पानाच्या समासात लिहिलं, ‘काऊन?’