राजाचा झगा

सिनेमा बंडाचा होता. भाऊ भावावर तलवार घेऊन धावतो, बंडखोर महालात शिरतात आणि शेवटी राजाचा झगा जाळतात. ती आग लावायचं काम माझं. आग, धूर, स्फोट, हाच माझा धंदा.

झगा माझ्या बायकोने शिवला होता. पांढऱ्या रेशमावर लाल वेल. बाजारातला लाल दोरा तिला पसंत पडेना, म्हणून घरीच रंगवला. न्हाणीघराची फरशी कितीतरी दिवस लाल होती. जाळण्यासाठी तिने साध्या कापडाचा दुसरा झगा शिवला आणि मला बजावलं, "खऱ्याला हात लावायचा नाही हं, आगलावे. तुमचा काही नेम नाही."

शेवटचे टाके घालताना तिला धाप लागायची. वेल पुरी झाली आणि ती गेली.

शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शकाने साधा झगा चिमटीत धरला. "हे काय गोणपाट? खरा आणा."

"खरा जाळायचा नाही, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"जिने शिवला तिने."

तो हसला. "काका, इथे माझा शब्द चालतो."

मघाशी राजाविरुद्ध घसा फोडणारे बंडखोर भाले टेकून जमिनीकडे बघत होते. एकजण पुटपुटला, "सोडा ना काका. जेवायची सुट्टी लांबतेय."

खरा झगा सिंहासनावर टाकला गेला.

"पेटवा."

आग लावण्याआधी भरलेली बादली शेजारी ठेवायची, ही माझी जुनी सवय. ती उचलली आणि झग्यावर पालथी केली.

"घे. आता तूच पेटव."

आणि मग मला दिसलं. वेल सुटत होती. लाल रंग पांढऱ्या रेशमावरून ओघळत पायऱ्यांवर येत होता. कच्चा रंग आहे, पाणी लागू देऊ नका, असं ती कितीदा म्हणाली होती. रागाच्या भरात मला आगच तेवढी आठवली.

"कॅमेरा बंद करू नका!" दिग्दर्शक नाचायचाच बाकी होता. "रक्तच वाटतंय! काका, कमाल केलीत!"

त्या मेल्या दिग्दर्शकाची बायको जिवंत होती, त्याला काय कळणार. मी झगा ओढून काढला.

"अहो, बाजूला व्हा! शॉट चालू आहे!"

बंडखोर वाटेत उभे होते. "सरका," मी म्हणालो. सरकले. तेवढंच बंड त्यांना जमलं.

घरी झगा न्हाणीघरातल्या दोरीवर टाकला. थेंब थेंब गळत फरशी पुन्हा लाल झाली.

ती मी पुसणार नाही.