विषम तारखेचे औषध

त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात कालिंदीताईची वृंदा आजारी पडली. आधी आवाज बसला, मग दुपारी कुत्र्याच्या पिल्लाने भुंकावे तसा खोकला सुरू झाला. श्वास आत घेताना तिच्या बरगड्यांमध्ये खळगे पडत. भावजी रेल्वेच्या कामावर फिरतीला गेले होते. म्हणून गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीतून टॅक्सीत तिला मांडीवर घेऊन ताई बसली आणि शेजारी मी, तिचा अबोल धाकटा भाऊ.

मुलांच्या वॉर्डात वाफेची किटली खदखदत होती. आमचे बोलणे कानावर पडताच तरुण डॉक्टर चारुदत्त मराठीतच म्हणाले, “घाबरू नका, ताई.”

ताईचा चेहरा उजळला. “अगबाई, कुठले तुम्ही?”

“जन्म इथलाच, भवानीपूरचा.”

“तरी बोलता छान! आमची लेक बघा, पाण्याला जोल म्हणते. अर्धी बंगालीण झालीय.”

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. स्टेरॉइडने घशाच्या आतली सूज उतरते. पण तोंडाने देण्याच्या दोन स्टेरॉइडांपैकी अधिक गुणकारी कोणते, हे इथे ताडून पाहत होते. सम तारखेला आलेल्या मुलांना एक, विषम तारखेला आलेल्यांना दुसरे.

“तुमची हरकत नसेल तरच.”

“हरकत कसली? तुम्ही आपले. द्याल ते चांगलंच असेल.”

आपलेपणा तारखेला ओळखतो का, हे मला विचारायचे होते. मी वृंदाच्या अंगावरची शाल नीट केली.

त्या दिवशी विषम तारीख होती. कडू भुकटी मधात कालवून दिली. वृंदाने तोंड वाकडे करून ती गिळली. शेजारच्या खाटेवरचा मुलगा आदल्या दिवशी आला होता. तो चहात बिस्कीट बुडवून खात होता.

संध्याकाळी वृंदाचे ओठ निळे पडले. गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली. श्वास वाहू लागला, पण आवाज गेला. ती रडत होती आणि काहीच ऐकू येत नव्हते. फक्त ओठ हलत होते: जोल, जोल. ताई ओल्या कापसाने ते टिपत राहिली.

सकाळी नळी तुंबली. धावपळ झाली. मग वॉर्डात किटलीचाच आवाज उरला.

“एक दिवस आधी आणलं असतं, तर दुसरं औषध मिळालं असतं ना?” ताईने विचारले.

“हो,” डॉक्टरांनी मान खाली घातली.

“ते जास्त चांगलं आहे का?”

“अजून सांगता येत नाही, ताई. तेच तर पाहतोय.”

परक्या भाषेत दुःख थोडे तरी वाट चुकते. मायबोलीत ते थेट घरी येते.

शेजारच्या खाटेवरून हाक आली, “मा, जोल.” त्या मुलाची आई खाली गेली होती. ताई उठली. वृंदाच्या पेल्यात पाणी ओतून तिने त्याच्या ओठांना लावले, आणि घोटागणिक हलणाऱ्या त्याच्या गळ्याकडे पाहत राहिली.