पडद्याचा दोर

प्रतापसिंहरावांना नाटकात काडीचा रस नव्हता. तो त्यांच्या बायकोला, मोहनाबाईंना होता. जुनं संगीत नाटक लागलं की त्या मैत्रिणींबरोबर जायच्या आणि हे मकरपुऱ्याच्या कारखान्यात दुसरी पाळी करायचे. आधी नोकरी संपली, मग मोहनाबाई गेल्या. पाणीगेटच्या घरात ते आणि टीव्ही असे दोघंच उरले.

शेजारचे लक्ष्मीकांत एका नाट्यमंडळाचे चिटणीस. पडदा ओढणाऱ्या माणसाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तसे ते प्रतापसिंहरावांकडे येऊन बसले. जन्मभर क्रेन चालवलेल्या माणसाला एक दोर काय जड, असं त्यांचं म्हणणं.

"मला नाटक कळत नाही," प्रतापसिंहराव म्हणाले.

"कळायचं कुठे आहे? ओढायचं आहे. चालो, चपला घाला."

वाडीतल्या एका हॉलमध्ये तालमी होत. पहिले काही दिवस प्रतापसिंहरावांनी खुर्चीत डुलक्या काढल्या. नाटक शंभर वर्षांपूर्वीचं, तलवारींचं आणि लांबलचक पदांचं. तिसऱ्या अंकात मात्र त्यांची झोप उडाली. लढाईवरून परतलेला नवरा जोग्याच्या वेषात बायकोची परीक्षा घ्यायला येतो. ती त्याला तेव्हाच ओळखते, पण तसं दाखवत नाही. जोग्यालाच सुनावते, की माझे यजमान कुठे भेटले तर सांगा, मी रोज दोन पानं मांडते आणि एक तसंच उचलून ठेवते.

पाळीवरून यायला उशीर झाला की मोहनाबाई अशाच बोलायच्या. नवऱ्याला नाही, मांजराला सांगायच्या. नाटकातली बायको झालेली भक्ती ही बँकेत काम करणारी पोरगी, पण तिचं बोलणं थेट तसंच. प्रतापसिंहराव तालमीला सगळ्यांच्या आधी पोहोचू लागले. वाटेत पदंही गुणगुणायचे, अगदी बेसूर.

पहिल्या प्रयोगाला दिवे लागले, ऑर्गन वाजला, भक्ती नऊवारीत उभी राहिली. दोन पानांचं बोलून झालं की ती पाठ फिरवते आणि त्याच क्षणी पडदा पाडायचा. तिने पाठ फिरवली. प्रतापसिंहराव दोर धरून उभेच. सगळ्या तालमी विसरून, आता नवरा काय उत्तर देतो, याची ते वाट बघत होते. पडदा जागचा हलेना. जोगी घामाघूम झाला. शेवटी भक्तीच वळली आणि म्हणाली, "उभे काय राहिलात? हातपाय धुवा, पान वाढते."

हे नाटकात नव्हतंच. लोक पोट धरून हसले, प्रतापसिंहराव दचकले, हातातला दोर सुटला आणि पडदा आला तो थेट जोग्याच्या टाळक्यात.

दिग्दर्शन निरुपमाबाईंचं. अंक संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर प्रतापसिंहरावांची हजेरी घेतली. उद्याच्या प्रयोगाला दोर लक्ष्मीकांत धरतील, तुम्ही येऊ नका, असं सांगून टाकलं. दोर गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण 'येऊ नका' म्हणजे पुन्हा घर आणि टीव्ही.

"बाई, दोर राहू दे," ते म्हणाले. "तिकीट काढून आलो तर चालेल?"

"तुम्हाला तर नाटक कळत नाही ना?"

"ती बोलते तेव्हा विंगेतून मला तिची पाठच दिसते. एकदा तोंड बघायचंय."

निरुपमाबाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "हाउसफुल्ल आहे. भिंतीजवळ खुर्ची टाकायला सांगते. पण गप्प बसायचं."

दुसऱ्या दिवशी प्रतापसिंहराव इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या दाराने आत गेले. तिसरा अंक आला. भक्तीचं बोलणं समोरून ऐकताना त्यांचे डोळे भरले आणि तोंडभर हसूही आलं. तिने पाठ फिरवली, लक्ष्मीकांतांचा पडदा वेळेवर खाली येऊ लागला, तोच भिंतीजवळून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

वन्स मोअर पदाला देतात, नुसत्या बोलण्याला नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लोक माना वळवून बघू लागले. पडदा भक्तीच्या गुडघ्यापाशी थांबला, जरा वेळ तिथेच हिंदकळला आणि मग हळूहळू वर जाऊ लागला.