काळ्या पडद्यामागची हजेरी

“काका, आतून एकदम तब्येतीत हाय हा. उगाच बदनाम केलाय याला.”

संगणकाचं झाकण उघडून कासिम मेकॅनिक त्याच्या पोटात टॉर्च मारत होता. हजेरीपट सांभाळणारा कारकून शिवराम मढवी शेजारी उभा होता, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा. फरक एवढाच, की या नातेवाइकाला रोग ठाऊक होता आणि तो डॉक्टरला सापडू नये अशी त्याची मनापासून इच्छा होती.

रबाळ्याच्या या पंपांच्या कारखान्यात संगणक एकच, पण त्यात बिऱ्हाडं दोन. जुनं डॉस हजेरीपटासाठी आणि गेल्या वर्षी आलेलं विंडोज सुधीर प्रधान साहेबांच्या पत्रांसाठी. सकाळी बटण दाबलं की दोघांपैकी कोण हवंय असं यंत्र विचारायचं. कुणालाही हाक मारा, पडदा काळा व्हायचा आणि जवळजवळ सात मिनिटं काळाच राहायचा.

उपाय सगळे झाले होते. टेबलाची दिशा बदलली. शनिवारी लिंबू-मिरची बांधली. आत उंदीर असेल म्हणून सापळा लावला, त्यात खरोखरच उंदीर सापडला आणि दोन दिवस सगळ्यांना बरं वाटलं. यंत्र मात्र सात मिनिटांवर ठाम. शेवटी शिस्तीच्या प्रधान साहेबांनी संगणकाला कारणे दाखवा नोटीस काढली. ‘आपण रोज विनापरवानगी सात मिनिटे उशिरा कामावर रुजू होता.’ संगणकाला सही येत नसल्यामुळे पोच शिवरामने दिली. खुलासा मात्र दिला नाही.

खुलासा असा होता. शिवराम तळवलीचा. कारखाना उभा होता ती त्याच्या आणि शेजारच्या गावांची भातशेती. जमिनी गेल्या तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली आणि माणसं आपल्याच शेतात कार्ड पंच करून जायला लागली. एक्याण्णव साली एका सोमवारी फाटकावर यादी लागली. तीनशे अठरा माणसं कमी. हजेरीपटातून त्यांची नावं काढायचं काम शिवरामकडे आलं. त्याने ती काढली, पण टाकवेनात. वाशीच्या क्लासात शिकलेल्या डॉसच्या जोरावर त्याने प्रत्येकाची वेगळी फाइल केली आणि यंत्र सुरू होताना रोज या सगळ्यांची हजेरी घेतली जाईल अशी व्यवस्था केली. डॉसला नावात आठच अक्षरं चालत, त्यामुळे भागीरथीची शेवटची दोन इंग्रजी अक्षरं बाहेरच राहिली. प्रत्येक फाइल उघडून नाव वाचल्यावर यंत्र एक सेकंद थांबायचं. माणसाला ‘हजर’ म्हणायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

आधी नावं पडद्यावर उमटायची. शिवराम सव्वासातला एकटा येऊन ती बघायचा. मग प्रधान साहेब नवे आले आणि लवकर यायला लागले, तेव्हा त्याने पडदा काळा केला. विंडोज आलं, त्यालाही त्याने त्याच दारातून आत घेतलं. साहेबांच्या पत्रांनी तरी हजेरी चुकवून का जावं?

कासिमने झाकण लावलं. “आता सुरू होताना हा काय काय वाचतो ते बघतो.”

“चाय घे आदी,” शिवराम म्हणाला.

“नंतर.”

“वडा मागवू?”

“काका, टेन्शन नका घेऊ.”

दोन मिनिटांत कासिमचं बोट खालच्या बाणावर अडकलं. नावं वर सरकत होती, संपत नव्हती.

“ही कोन मंडळी?”

“कामगार.”

“इथं तर साठ-बासष्टच लोक दिसतात.”

“बाकीचे येवाचे थांबले,” शिवराम म्हणाला. “मी हजेरी मांडाचा नाय थांबलो.”

कासिमने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “ऐका. तो एक-एक सेकंद काढून टाकतो. नावं राहतील, फटाफट जातील. साहेबाला पत्ता नाय लागणार.”

“हाक मारून जाब न ऐकता फुडं जावाचा? नको. त्याच्यापेक्षा नसली हाक तरी चालंल.”

“मग फ्लॉपीवर देऊ? तुमच्या खणात ठेवा.”

“खनात मानूस ठेवतात?”

कासिमने कीबोर्ड जवळ ओढला. “काका, साहेबाला मशीन सकाळी दोन मिनिटांत चालू झालेली पायजे. माझ्या हातात नाय.”

शिवरामने मान हलवली. कासिमने सगळ्या फायली एकदम पुसायचा हुकूम टाइप केला. यंत्राने रीतीप्रमाणे इंग्रजीत विचारलं: सगळं जाईल, तुमची खात्री आहे ना?

शिवरामने तो प्रश्न दोनदा वाचला. एक्याण्णव साली हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

“थांब,” तो म्हणाला. “एकदम नको. एकदम त्यांना एकदा काढलेलाच हाय.”

तो खुर्चीवर बसला आणि एका बोटाने एकेक नाव टाइप करून पुसायला लागला. चांगुणाबाई. बायजाबाई. कुणाच्या नावाला हसला, कुणाला हळूच शिवी दिली. कासिम स्टुलावर बसून राहिला. जेवायची सुट्टी झाली नि गेली.

प्रधान साहेब डोकावले. “सापडला का प्रॉब्लेम?”

“सर, तीनशे अठरा होते,” कासिम म्हणाला. “आता दोनशे चार राहिले.”

“बापरे! आणि नोटीस काढली म्हणून लोक मला हसत होते.” साहेब समाधानाने गेले.

तीन वाजता दत्तू चहाची किटली घेऊन आला. यादीतलाच तो. सहा वर्षं फाटकाबाहेर सायकलवर चहा विकायचा आणि ऑफिसात आणून द्यायचा.

“काय रं शिवराम, दुपारचा जेवलास नाय म्हनं? साहेब झालास का काय?”

“दत्तू, तुजा नाव आयलाय.”

दत्तूने वाकून पाहिलं. “मी अजून कामावं व्हतो?”

“व्हतास.”

“मंग माज्या रजा कोन मांडीत व्हता?”

“मीच. रोज गैरहजर.”

“सा वर्सां?”

“सा वर्सां.”

“एक दिवस तरी हजर मांडाचा, मेल्या. दोस्त ना तू?” दत्तू हसला. मग हसू ओसरलं. त्याने किटली खाली ठेवली, हात आधी सदऱ्याला पुसले, मग लेंग्याला. “कुठं दाबाचा?”

शिवरामने एंटरवर बोट दाखवलं. दत्तूने ते बटण दाबलं, पिकलेला आंबा दाबून बघावा तसं. पडद्यावर काहीच झालं नाही. नाव गेलं, एवढंच.

त्याने रिकामे ग्लास गोळा केले. रोज तो काही न बोलता निघून जायचा. आज दारात थांबला.

“निगतो मंग, शिवराम.”

“निग,” शिवराम खुर्चीतून उठून उभा राहत म्हणाला, आणि दत्तू फाटकाबाहेर दिसेनासा होईपर्यंत तसाच उभा राहिला.