चहाची वेळ माझ्यावर कोणी लिहीत नाही

मी पोर्थ हेलिग या समुद्रकाठच्या गावच्या धक्क्यावरचा फळा बोलतोय. खरं तर मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनीच माझ्यावर लिहिलं आणि दुसऱ्यांनीच पुसलं. पण आता अगदी असह्य झालं, म्हणून एकदाच बोलून घेतो.

मी अस्सल पाटीच्या दगडाचा. उत्तरेकडच्या खाणीत मला चिरून काढलं, घासून गुळगुळीत केलं आणि ओकच्या चौकटीत बसवून इथल्या शाळेत पाठवलं. शाळेत मी फार दिवस टिकलो नाही. मुलं कमी झाली, शाळेला कुलूप लागलं आणि माझं शिक्षण अर्धवट राहिलं. बेरीज-वजाबाकी तेवढी पक्की झाली. पुढचा सगळा मनस्ताप त्या बेरजेमुळेच.

नंतर काही वर्षं समोरच्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, सभागृहात होतो. आणि आता नऊ उन्हाळे झाले, या धक्क्यावर उभा आहे. मोठमोठी सहलीची जहाजं खाडीच्या तोंडाशी नांगर टाकतात. माणसं छोट्या होड्यांतून चार-पाच तासांसाठी इथं येतात. त्यांनी काय बघावं, कसं जावं, कधी परतावं, हे ठरवायला गावची तिघांची समिती आहे. ती माझ्यासमोर बसते.

इलुनेड ही समितीची मुख्य. पूर्वी पोस्ट सांभाळायची, खडू नेहमी तिच्याच हातात. कॅप्टन ग्विलिम जहाजांना वाट दाखवून निवृत्त झालेले, भरती-ओहोटी त्यांच्याकडे. आणि हाउएल मिनीबस चालवतो.

ही माणसं वाईट नाहीत. पण त्यांचं नियोजन बघून माझ्या दगडाला घाम फुटतो. ओहोटी धरतात, वारा धरतात, अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर मागं घ्यायला लागणारा वेळही धरतात. फक्त चहा धरत नाहीत. या गावात दार वाजवलं की चहा होतो, आणि चहा झाला की तुमचे आजोबा कोण हे निघतं. त्याला पाऊण तास लागतो. पण तो माझ्यावर कोणी लिहीत नाही. श्वास घ्यायची वेळ कोणी लिहितं का? तसंच त्यांना वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको दीपगृह बघायला निघाले. पंधरा मिनिटांचा रस्ता. वाट विचारायला त्यांनी एका घराचं दार वाजवलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचं जहाज क्षितिजावर होतं. हाउएलनं त्यांना पुढच्या बंदरापर्यंत पोचवलं. समितीची बैठक बसली. चूक कशाची? तर दीपगृहाच्या पाटीचा रंग उडालाय याची! पाटी रंगवली.

आणि मग एमरिसचं पत्र आलं.

एमरिस एक्क्याऐंशी वर्षांचा. विशीत असताना इथूनच ऑस्ट्रेलियाला गेला. आईच्या अंत्यविधीला एकदा आला होता, त्यालाही सत्तेचाळीस वर्षं झाली. त्याची मोठी बहीण मार्गेड दरीच्या वरच्या टोकाला, पेनलान या शेतावर राहते. वय अठ्ठ्याऐंशी. त्यानं लिहिलं होतं, "जहाज तुमच्याकडे पाच तास थांबणार आहे. मला बाकी काही बघायचं नाही. ताईला एकदा बघायचंय. पुन्हा येणं जमणार नाही."

तीन आठवडे समितीनं माझं अंग खरवडून काढलं. लिहा, पुसा, पुन्हा लिहा.

"मेंढ्यांची दहा मिनिटं धर," कॅप्टन म्हणाले.

"आता कुठल्या मेंढ्या? सगळ्या डोंगरावर आहेत," हाउएल म्हणाला.

"वर असोत की खाली, धर. मेंढीला तुझं वेळापत्रक कळत नाही."

"आणि दरीत ते बेथेल चॅपेल होतं तिथून डावीकडे वळ," इलुनेड म्हणाली. "तो मोठा रस्ता घेऊ नकोस."

"बेथेल पाडलं की."

"म्हणून तर ओळखायला सोपं. जिथं काही नाही तिथं वळायचं."

शेवटी ठरलं. अकराला होडी. पन्नास मिनिटांत पेनलान. बहीण-भावाला सव्वातीन तास. चारला शेवटची होडी. बेरीज अगदी चोख होती, पण तीत चहा नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून समुद्र फुगलेला. पहिली होडी अकराऐवजी सव्वाबाराला लागली, आणि होडीवाल्यानं उतरता उतरता निरोप दिला, "वारा फिरतोय. शेवटची होडी अडीचला. त्यानंतर जहाज थांबणार नाही."

इलुनेडनं मला पुसलं आणि भराभर नवीन आकडे लिहिले. लगेच निघालं तर वर एक दहाला. दोन पंचविसाला परत. हातात पंचवीस मिनिटं. थोडी होती, पण होती.

एमरिस काठी टेकत माझ्यासमोर आला. बारीक माणूस, उन्हाळी कोट. त्यानं आकडे वाचले आणि मान हलवली. तेवढ्यात चॅपेलच्या सभागृहाचं दार उघडलं. बारा बायका दारात उभ्या, पांढरी टेबलं मांडलेली.

"दमला असाल," इलुनेड म्हणाली. "एकच कप घ्या. बायांनी पहाटे उठून केलंय सगळं."

अगं, आत्ताच तर तू माझ्यावर लिहिलंस! तुझ्या बोटांचा खडू अजून पुसलेला नाही!

एमरिसनं माझ्याकडे बघितलं, बायांकडे बघितलं. साठ वर्षं परदेशात काढली, पण हाड इथलंच. नको म्हणता येईना.

"बरं. अर्धाच कप," तो इंग्रजीत म्हणाला.

अर्धा कप! या गावात अर्धा कप अजून कोणी बघितलेला नाही.

सभागृहाची खिडकी माझ्या समोरच आहे. सगळं दिसत होतं. मनुक्यांचा पाव आला, त्यावर बोटभर लोणी. एका म्हातारीनं त्याच्या आजोबांना ओळखलं. दुसरी म्हणाली, ते नव्हेत, ते दुसरे, लंगडणारे. घड्याळात साडेबारा. पावणेएक. हाउएल दोनदा बाहेर येऊन आकाशाकडे बघून गेला, दोन्ही वेळा कप हातात घेऊन.

एकला पाच कमी असताना कॅप्टन बाहेर आले. त्यांनी मला वाचलं. ओठ हलले.

"इलुनेड! आता निघालो तर वर पोचायलाच पावणेदोन. तिथून तसंच फिरलं तरी दोन पस्तीस!"

 इलुनेडच्या हातातला खडू पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

एमरिसनं कप बशीत ठेवला. "म्हणजे नाही जमणार," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मला उठता आलं नाही."

मग हाउएलला सुचलं. "आपण वर जाऊ शकत नाही. पण त्या खाली येऊ शकतात."

"मार्गेड? चार वर्षांत ती अंगणाबाहेर पडली नाही. कंबर बघितलीस का तिची?" इलुनेड म्हणाली.

"विचारू तर."

फोन लावला. मार्गेडच्या सुनेनं घेतला. हाउएल ऐकत राहिला, मग म्हणाला, "त्या तर सकाळी नऊपासून कोट घालून दाराशी बसल्यात. निघतायत म्हणे."

पुढचा सव्वा तास एमरिस माझ्या शेजारच्या बाकावर बसला होता. डोकं माझ्या चौकटीला टेकवलेलं. त्याला कोणीही चहा विचारला नाही. या गावाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं असेल.

दोन सतराला पेनलानची जीप धक्क्यावर आली. मागं चाऱ्याची पोती आणि एक कुत्रा. सून खिडकीतून ओरडली, "यांना गाडीत चढवायलाच वेळ गेला, त्यात वाटेत मेंढ्या होत्या! दहा मिनिटं गेली!" कॅप्टननी हाउएलकडे नुसतं बघितलं.

मार्गेडला उतरता येईना. एमरिस खिडकीशी गेला. 

"बारीक झालास, बाळा," ती म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. साठ वर्षं दुसरीच भाषा बोललेला माणूस. लहानपणचे शब्द येईनात. 

मार्गेडनं मांडीवरून लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला थर्मास काढला.

"चहा घेतोस ना?"

मी तिथंच तडकणार होतो. अकरा मिनिटं, बाई! हातात अकरा मिनिटं आहेत!

"घेतो, ताई," तो म्हणाला. आपल्याच भाषेत. पहिले शब्द ते आले.

एकच झाकण होतं. तिनं ओतला, तो प्यायला, मग ती. साखर बरोबर आहे का, तिनं विचारलं. बरोबर आहे, तो म्हणाला. त्याच्या हनुवटीवर थेंब ओघळला तो तिनं अंगठ्यानं पुसला. मग आणखी अर्धं झाकण. तो अर्धा कप मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

होडीची घंटा वाजली. त्यानं खिडकीतून तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि तो पायऱ्या उतरला. होडी दिसेनाशी होईपर्यंत ती झाकण हातात धरून बसली होती.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. निष्कर्ष काय निघाला, सांगू? मेंढ्यांची वीस मिनिटं धरायला हवीत! मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

सगळे गेल्यावर इलुनेड मात्र थांबली. तिनं मला स्वच्छ पुसलं. मग खडू बाजूला ठेवून तिनं पिशवीतून खिळा काढला, आणि माझ्या अगदी वरच्या ओळीत, दाबून दाबून, कोरलं: चहा, पाऊण तास.

दुखलं. पण मी ओरडलो नाही. जन्मभर माझ्यावरचं सगळं कोणी ना कोणी पुसून टाकलं. हे आता पावसालाही पुसता येणार नाही.

आज मी तसाच उभा आहे, डोक्यावर ओरखडा घेऊन. मंगळवारी पुढचं जहाज येतंय. तुम्हीही कधी कोणाला थोड्याच वेळासाठी बोलावलंत, तर माझं एवढं ऐका. चहा आधी लिहा. मग उरलेल्या वेळाची वजाबाकी करा. ती जमली नाही तर माझ्याकडे या. तेवढी मला येते.